राहून गेलेली रास

चाकणच्या त्या कारखान्यात सुरक्षेच्या पाट्या कोणी वाचत नसे. म्हणून सेफ्टी ऑफिसर निरंजन दर सोमवारी प्रेस मशीनशेजारच्या फळ्यावर राशिभविष्य लिहू लागला. 'मेष : बुधवारी बोटांना धोका. वृषभ : हातमोजे घातल्यास विवाहयोग.' सगळं मनानंच. पण दोन वर्षांत एकाचंही बोट तुटलं नाही.

या सोमवारी घाईत कुंभ रास लिहायची राहिली.

दुपारी तो आत आला, तर कुंभेचा खंडू आपल्या लॉकरची किल्ली शेजारच्या मशीनवरच्या सोनूच्या हातात देत होता. बाकीचे रांगेनं येऊन खंडूला मिठी मारत होते.

"अहो खंडूभाऊ, लिहायचं राहिलं फक्त! आत्ता लिहितो."

"ऱ्हाऊ द्या साहेब. पुढं काय न्हाईच, तर तुमी तरी काय लिवणार?"

"अहो, ते सगळं खोटं असतं! मीच रचतो, आईशप्पथ!"

खंडूनं मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जायच्या माणसाला समदे असंच सांगत्यात, साहेब," तो म्हणाला आणि हातमोजे काढून ठेवून मशीनकडं वळला.