मेन स्विच

बॅकअपची तिसरी टेपही कोरी निघाली.

गौरवने ती बाहेर काढली, पुसली आणि पुन्हा आत सरकवली. नोएडातल्या अशा दहा-बारा छोट्या कंपन्यांचे सर्व्हर तो सांभाळत असे. इथल्या सर्व्हरची डिस्क सकाळी गेली होती. नवी डिस्क त्याने बसवली होती, पण तिच्यात भरायला काही मिळत नव्हतं. कादंबरीताईंच्या या कारखान्यात लहान मुलांचे कपडे शिवत. भरतकामाची चार वर्षांची डिझाइनं त्या गेलेल्या डिस्कमध्ये होती, आणि परदेशातलं गिऱ्हाईक गुरुवारी येणार होतं.

"ही कालची बघ," ज्ञानोबा म्हणाले. कारखान्याची देखरेख त्यांच्याकडे होती. पिशवीतून त्यांनी धुतलेल्या रुमालात गुंडाळलेली टेप काढली. "आग लागली, चोरी झाली तरी एक टेप घरी असावी, असं तूच सांगितलं होतंस. बसमध्ये मांडीवरून खाली ठेवत नाही मी."

तीही कोरी होती.

कादंबरीताई बाहेर फोनवर बोलत होत्या. गौरवने आवाज खाली आणला.

"काका, संध्याकाळी सगळ्यात शेवटी कोण निघतं?"

"मीच. ही गेल्यापासून घरी लवकर जाऊन करू काय?"

"निघताना काय काय करता?"

ज्ञानोबा ताठ झाले. "पंखे, दिवे, मग मेन स्विच. मिनिस्ट्रीत बत्तीस वर्षं हेच केलं. एकदा चुकलो नाही."

"मेन बंद केल्यावर हा बॅटरीचा डबा वाजत नाही?"

"वाजतो ना. ओरडतो बिचारा. मी कुलूप लावेपर्यंत तरी ओरडत असतो. मग होत असेल गप्प."

"बॅकअप रात्री होतो, काका," गौरव म्हणाला. टेपवर बॅकअप घ्यायची वेळ त्याने रात्री अकराची लावली होती. त्या वेळी सर्व्हर बंदच असायचा. रोज असा मध्येच बंद पाडल्यामुळे डिस्कही गेली असावी.

"म्हणजे," ज्ञानोबांनी रुमालाची घडी केली, ती पुन्हा उलगडली, "मी रोज रिकामीच नेत होतो?"

कादंबरीताई आत आल्या. "काय निघालं? कुणाची चूक?"

"माझी," गौरव म्हणाला. "बॅकअपला रात्री अकराची वेळ लावली. रात्री इथे वीज चालू असते का, ते विचारलं नाही. दर महिन्याला येत होतो, पण एकदाही टेप वाचून पाहिली नाही."

"रात्री वीज का नसेल?"

ज्ञानोबांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि टेबलावर ठेवला.

"मी बंद करतो म्हणून, ताई. हा उगाच अंगावर घेतोय."

कादंबरीताई खुर्चीत बसल्या.

"अच्छा," त्या म्हणाल्या. "एकाने रात्री अकराचा गजर लावला, दुसऱ्याने सातलाच घड्याळ बंद केलं. छान जोडी मिळाली मला."

मग त्या ज्ञानोबांकडे वळल्या.

"सँपलच्या पेट्या माळ्यावर आहेत ना, काका?"

"आहेत. साल बघून लावल्यात."

"एकेक झबलं समोर ठेवून डिझाइन परत काढावं लागेल. गुरुवारपर्यंत वीस-पंचवीस तरी होतील. उतरवा पेट्या."

ज्ञानोबा जागचे हलले नाहीत. "मी?"

"मग कोण? त्या जुडग्यातली माळ्याची किल्ली कोणती, ते मला कळतं का?"

आठ वाजता डिझाइनच्या मुली गेल्या, ताईही गेल्या. पाच झबली झाली होती. गौरवने बॅकअप लावून ठेवला. ज्ञानोबांनी पंखे बंद केले, दिवे बंद केले. मेनपाशी त्यांचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. बाहेर येऊन त्यांनी कुलूप लावलं, ओढून पाहिलं.

गौरवने स्कूटर स्टँडवरून काढली. "बसा काका. मयूर विहारला घरापर्यंत सोडतो."

ज्ञानोबा दाराला कान लावून उभे होते. आत सर्व्हर चालल्याचा बारीक आवाज येत होता.

"आत कुणी जागं असताना," ते म्हणाले, "बाहेरून कुलूप घालून निघायचं... बरं वाटत नाही रे."