थर्मासभर बर्फ

मोठा भाऊ ज्या आजारानं गेला, त्याच आजारानं धाकट्या धोंडप्पाचं अंग लुळं पडत चाललं होतं. त्यावर औषध शोधायचं म्हणून सहा वर्षं मी पुण्याच्या प्रयोगशाळेत आरएनएच्या मागं लागले होते. आता फक्त धोंडप्पाचं रक्त हवं होतं, आणि ते पुण्यापर्यंत बर्फात न्यायचं होतं. उबेला आलं की त्यातला आरएनए नासतो.

शहाऐंशीचा दुष्काळ. आमच्या बेंबळी गावात प्यायचं पाणीसुद्धा टँकरनं यायचं, तरी दूध सोसायटीनं मला थर्मासभर बर्फ दिला. रक्ताची नळी त्यात ठेवून मी आईला बजावलं, "आव्वा, धोंडप्पाचं रगत हाय ह्यात. जपून ठेव."

दुपारची एसटी यायच्या आधीच धोंडप्पा गेला. त्याला माती देऊन मी परतले, तेव्हा थर्मास उघडा पडला होता. आव्वा ती नळी पदरात गुंडाळून, छातीशी घट्ट धरून बसली होती.

 

"लई गारठलं हुतं गं लेकराचं रगत. आत्ता कुठं ऊब आली बग."