आईसाठी समुद्र

खिशात काहीतरी हललं आणि केतकी चालता चालता थांबली.

सागरी जीवांच्या अभ्यासासाठी किनाऱ्यावर उतरतानाच मॅडमनी बजावलं होतं, "इथलं काही उचलायचं नाही. नक्षीदार, शंकूसारख्या शंखात विषारी गोगलगाय असते. तिच्या डंखावर औषध नाही." पण आईनं उभ्या जन्मात समुद्र पाहिला नव्हता. तिच्यासाठी केतकीनं घाईत, न पाहता जीन्सच्या दोन्ही खिशांत एकेक शंख सरकवला होता.

"मॅडम, माझ्या खिशात..."

मॅडमनी चिमट्यानं शंख काढला. आतून इवल्या नांग्या डोकावल्या. "खेकडा आहे, वेडे! सोड पाण्यात. आणखी काही घेतलं नाहीस ना?"

सगळे हसले, केतकीही. "नाही, मॅडम."

खेकडा सोडायला ती उकिडवी बसली. जीन्स ताणली गेली आणि दुसऱ्या खिशातून मांडीला काहीतरी टोचलं.