वाकडी गाठ

"इथेच थांब. पाय हलवायचा नाही," असं बजावून स्तामेनकाका बर्फात वर पडलेली आपली स्कीची काठी आणायला निघाले. त्यांच्या बुटांची करकर दहा-बारा पावलं लांब गेली, तसं इस्क्राने अंगातलं नारिंगी जाकीट काढलं, गुंडाळी करून कोटाच्या आत कोंबलं आणि वरपर्यंत चेन ओढली.

त्या जाकिटावर पुढे-मागे मोठ्या अक्षरांत 'अंध' असं लिहिलेलं होतं. ते अंगात असलं की अख्खा डोंगर बाजूला सरकायचा. दोन हिवाळे इस्क्रा स्की शिकत होती. काका मागून "डावी, डावी, आता उजवी" असं ओरडत यायचे आणि ती वळत वळत उतरायची. पोरांचा हसण्या-खिदळण्याचा आवाज वरून जवळ यायचा, तिच्यापाशी आला की बंद पडायचा, आणि खाली गेल्यावर पुन्हा सुरू व्हायचा. दोन हिवाळ्यांत तिला एकदाही कुणी साधा धक्का मारला नव्हता.

आज मार्चची चार तारीख. वर्षभर आजारपण येऊ नये म्हणून बांधायचे लाल-पांढरे दोरे एक तारखेलाच सगळ्यांनी एकमेकांच्या मनगटांवर बांधून टाकले होते. आता वसंतातला पहिला करकोचा दिसेपर्यंत ते काढायचे नाहीत. इस्क्राच्या हातावर दोन होते, एक आईने बांधलेला आणि एक काकांनी. तिसरा तिने स्वतः विणला होता. तो तिच्याएवढ्या कुणाला तरी बांधायचा होता. पण हात पुढे केला तर पोहोचेल इतक्या जवळ कुणी आलंच नाही, आणि दोरा चार दिवस खिशातच राहिला.

ती आडवी सरकत दोन पावलं उतारात शिरली, जिथून सगळे आवाज जायचे तिथे. वरून स्कींची खरखर जवळ येत होती. तरी ती उभी राहिली.

"अगं बाजूला हो! बाजूला!"

दोघी धाडकन बर्फात लोळल्या.

"रस्ता काय तुझ्या बापाने विकत घेतलाय? मधोमध खांबासारखी उभी राहिलीस ती!"

इस्क्राच्या तोंडात, मानेत, सगळीकडे बर्फ गेला होता. तिला फार आनंद झाला. "तूच येऊन आदळलीस," ती कशीबशी म्हणाली.

"वर मलाच बोलतेय! माझा दोरा तुटला ना! करकोचा यायच्या आधी तुटला. आता वर्षभर मी आजारी पडले तर औषधं तू पिणार आहेस का?"

इस्क्राने हातमोजा दातांनी ओढून काढला आणि खिशातला दोरा आवाजाच्या दिशेने पुढे केला. "हा घे."

"कुणी केलाय?"

"मी."

"गाठ वाकडी आहे."

"तुझी स्की वाकडी. नाहीतर माझ्यावर कशाला आली असतीस?"

ती मुलगी फिसकन हसली. "बांध लवकर. स्वतःचा स्वतःला थोडाच बांधतात? मी रालित्सा. आमच्या गावात करकोचे आधी येतात, तेव्हा माझाच आधी सुटणार, सांगून ठेवते."

"बघू कोणाचा सुटतो ते."

इस्क्राने चाचपडत तिची बाही धरली. बाहीवर कोपरापर्यंत दोरेच दोरे होते. त्यांतले दोन सरकवून तिने आपल्या दोऱ्याला जागा केली. बोटं थंडीने बधिर झाली होती, पण तिने गाठ घट्ट मारली आणि मग दुसरीही मारली.

"उद्या येणारेस?" रालित्सा म्हणाली. "माझा भाऊ पुढे पळतो. वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच असते."

"येणार," इस्क्रा म्हणाली. जरा जास्तच घाईने म्हणाली.

तेवढ्यात वरून काका घसरत, धापा टाकत आले.

"अगं तिला ओरडू नकोस गं! दिसत नाही तिला. अजिबात दिसत नाही पोरीला!"

इस्क्राने धरलेली बाही हलायची थांबली.

"अय्या... मला माहीत नव्हतं," रालित्सा म्हणाली. मग अगदी हळू, "लागलं नाही ना तुला? चुकलं हं माझं." हा आवाज इस्क्राच्या ओळखीचा होता. आईकडे येणाऱ्या बायका तिला खाऊ देताना याच आवाजात बोलायच्या. "दोरा फार सुंदर आहे हं. खरंच, फार सुंदर विणलायस."

बाही अलगद इस्क्राच्या हातातून निघून गेली. उद्याचं काही निघालं नाही. रालित्साच्या स्कींची खरखर सुरू झाली, इस्क्राच्या भोवती लांबून, पुष्कळ लांबून वळसा घालून गेली आणि खाली विरली.

"जाकीट कुठाय?" काकांनी विचारलं. "एखादा मोठा माणूस जोरात येऊन आदळला असता म्हणजे? तुझ्या आईला काय तोंड दाखवलं असतं मी?" बोलता बोलता ते तिच्या पाठीवरचा, टोपीवरचा बर्फ झटकत होते. मग त्यांनाच वाईट वाटलं. "जाऊ दे. पोरगी चांगली निघाली. सुंदर विणलायस म्हणाली, ऐकलंस ना?"

इस्क्राने कोटाची चेन उघडून नारिंगी गुंडाळी बाहेर काढली आणि त्यांच्याकडे दिली.

"आधी म्हणाली होती, गाठ वाकडी आहे," ती म्हणाली, आणि जाकीट घालून घ्यायला तिने दोन्ही हात वर केले.