विसावं नाव

हरेश वर्गातून बाहेर आला तो चेहरा पाडूनच. मोखाड्याचा मुलगा, पदवीधर, तरी पोरांनी त्याला दाद दिली नव्हती.

"जा, तुझी पाळी," तो राहीला म्हणाला. "आधी हजेरी घ्यायला लावतात. तीन पोरं नव्हती, तर म्हणे कुठे गेलीत? मला काय ठाऊक!"

सूर्यमाळच्या या पाड्यावर बारावी झालेली राही एकटीच. ही शाळा चालवायला घेणारी संस्था एका उमेदवाराला वर्षभर गुरुजींच्या हाताखाली ठेवून शिक्षक करणार होती. ही जागा गेली की दिवाळीनंतर आईबापासोबत वीटभट्टी, दुसरं काय!

संस्थेच्या जयश्री मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. ठाण्याहून आलेल्या, बोलायला गोड.

"पोरांची बोली जाणणारं, इथलंच कुणी हवंय आम्हाला," त्या म्हणाल्या. "पण पट वीसचा हवा. एकही कमी भरला तर ही शाळा आम्हाला घेता येत नाही."

"वीस आहेत की!" देवानंद गुरुजींनी हजेरीपट राहीपुढे सरकवला. तिच्याकडे मात्र पाहिलं नाही.

राही नावं घेऊ लागली. पोरं खिदळत 'हजर' म्हणू लागली.

रघ्या नव्हता. "बकऱ्यांमागे गेलाय," राही म्हणाली.

सोमी नव्हती. "तापाने निजलीय. सकाळीच बघून आले."

शेवटचं, विसावं नाव फागीचं. ते घेताना राही अडखळली. पोरं एकदम गप्प झाली. गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले.

"हिचं काय?" मॅडमनी विचारलं.

राहीला भट्टी आठवली. भीती वाटली, लाजही वाटली.

"पाण्याला गेलीय," ती म्हणाली.

मॅडम खूश झाल्या. "बघा गुरुजी! कोणतं मूल कुठे आहे, हिला सगळं ठाऊक. अशीच तर हवी होती." त्यांनी तिथेच राहीची निवड पक्की केली. हरेश जीपकडे चालू लागला.

मॅडमनी मुलांना वह्या वाटल्या. तीन उरल्या, त्यांच्यावर स्वतःच्या हाताने नावं घातली.

"या घरोघरी पोचव. तुझं पहिलं काम."

राहीने एक वही रघ्याच्या घरी दिली. दुसरी सोमीच्या उशाशी ठेवली. तिसरी घेऊन ती स्वतःच्या घरी आली.

आई अंगणात नाचणी पाखडत होती. "घेतली काय गं तुला?"

"घेतली."

"बरा झाला बाय! भट्टी चुकली तुझी." आईला हसू आवरेना. मग तिचं लक्ष राहीच्या हाताकडे गेलं. "नि ही वही कोणाची?"

राहीने वहीवरचं नाव तळव्याने झाकलं.

"फागीची. शाळेतून दिली."

आईच्या हातातलं सूप खाली आलं.

"दोन वर्षां झाली माझी फागी विहिरीतून काढली त्याला," ती म्हणाली. "वर घेताना तिचे पाय तूच धरलेले ना?"