खिडकीकडे झुकणारी गोळी

ऑक्टोबर १९४९, दुसरा मंगळवार. सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी जगदेवरावांनी भरलेली दहा काडतुसं झाडली गेली. दहातल्या सात गोळ्या निशाणापासून लांब गेल्या.

ग्वाल्हेर संस्थान विलीन झालं होतं. फौजेच्या जुन्या शस्त्रागारात नेमबाजीची काडतुसं हाताने भरणारे दोघेच कारागीर होते, जगदेवराव आणि मानसिंगराव. सत्तावीस वर्षं एकाच टेबलाशी, गोळी दाबून बसवायच्या शेजारशेजारच्या दोन प्रेसवर. नव्या रचनेत जागा एक होती, ज्याची काडतुसं नेमकी लागतील त्याला. ज्याचं नाव येणार नाही त्याने महिनाअखेर लश्कर भागातलं सरकारी क्वार्टर सोडायचं होतं.

तपासणीला आलेल्या मेजरसाहेबांनी निशाणाचा कागद दुमडून खिशात घातला.

“ग़लती सबसे होती है, जगदेवरावजी. बारह बजे तक वजह बताइए. वजह मिल गई तो दस कारतूस और दूँगा.”

जगदेवराव टेबलाशी येऊन बसले. भरून उरलेलं एक काडतूस त्यांनी काचेवर घरंगळवलं. टोक डुगडुगत होतं. गोळी काडतुसाच्या पितळी पुंगळीत वाकडी बसली होती. त्यांनी रिकाम्या पुंगळ्या घरंगळवल्या. त्या सरळ होत्या. गोळ्यांची पेटी बदलून पाहिली. फरक पडला नाही.

मानसिंगराव पलीकडे न पेटवलेली विडी तोंडात धरून बसले होते. त्यांची पाळी दुपारी दोनला होती.

“चष्मा बदला आता,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली सांगतोय.”

“चष्म्याने गोळी वाकडी होत नाही हो.”

“मग प्रेसही रिटायर व्हायचं म्हणत असेल.”

जगदेवराव हसले नाहीत. त्यांनी पुंगळीवर पेन्सिलीने उभी रेघ ओढली आणि रेघ खिडकीकडे ठेवून गोळी बसवली. ती खिडकीकडे झुकली. दुसरी पुंगळी त्यांनी रेघ उलट्या बाजूला ठेवून लावली. गोळी पुन्हा खिडकीकडेच झुकली. म्हणजे दोष पुंगळीत नव्हता, गोळीतही नव्हता. त्यांनी प्रेसमधून साचा उतरवला आणि तळहातावर उभा धरून आत पाहिलं. गोळीचं टोक दाबणाऱ्या दट्ट्याला वाटीसारखा खळगा असतो. त्या खळग्यात, एका कडेला, तांदळाचा अर्धा दाणा चिकटला होता. दाण्याला कुंकू होतं.

त्यांनी तो सुईने काढला. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

“खंडेनवमीला पूजा केलीत तुम्ही?”

मानसिंगरावांनी विडी खिशात ठेवली. हत्यारांची मोजदाद संपेपर्यंत शस्त्रागारात पूजा करायची नाही, करील त्याला कमी केलं जाईल, असा हुकूम महिनाभर भिंतीवर लागलेला होता.

“दार लावून केली. सत्तावीस वर्षांत कधी चुकली नाही, जगदेवराव. तुमच्या प्रेसलाही अक्षता वाहिल्या, मला काय ठाऊक असं होईल? आता मेजरला सांगाल तर मी आजच घरी.”

मानसिंगरावांनी त्यांच्या हातून साचा घेतला, पुसला आणि प्रेसमध्ये स्वतःच फिरवून बसवून दिला.

बारा वाजता जगदेवराव मेजरसाहेबांसमोर उभे राहिले.

“वजह नहीं मिली, साहब.”

“सत्ताईस साल में भी नहीं?”

“नहीं मिली.”

दोन वाजता मानसिंगरावांच्या दहाही गोळ्या रुपयाएवढ्या जागेत लागल्या. बुधवारी यादी लागली. नाव त्यांचं होतं. यादीखाली एक ओळ होती: कोणाची हरकत असल्यास शनिवारी पाचपर्यंत लेखी द्यावी.

गुरुवारी जगदेवराव ताबा द्यायला आले. प्रेस पुसून द्यायची रीत होती. त्यांनी दांडा पुसला, बैठक पुसली. साचा आतून पुसला गेला की नाही हे पाहायला त्यांना खाली वाकावं लागलं, मान वळवून कान टेबलाला टेकेपर्यंत. प्रेसमध्ये बसवलेल्या साच्याचं तोंड खाली असतं. सत्तावीस वर्षं ते खालीच होतं.

ते तसेच वाकून राहिले.

“मानसिंगराव, पूजेला साचे उतरवले होते का?”

“कुठले! वेळच कुठे होता? जागचं काही हलवलं नाही. वरूनच अक्षता टाकल्या, हात जोडले, बस, बाहेर.”

एवढं बोलून मानसिंगराव एकदम थांबले. वरून टाकलेला दाणा साच्यात खालून चढत नाही, हे त्या टेबलाशी बसणाऱ्या दोघांनाही सांगायची गरज नव्हती.

“कंबर धरली का?” मानसिंगरावांनी विचारलं.

“नाही.”

जगदेवराव सरळ झाले. त्यांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या, सही केली आणि गेले. हरकत लिहायची तर आपण मंगळवारी मेजरसाहेबांशी खोटं बोललो, हे त्यांना पहिल्याच ओळीत लिहावं लागणार होतं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी कार्यालयातून हरकतीचा एक कोरा अर्ज नेला. कारकुनाने तशी नोंद केली आहे. शनिवारी साडेतीनपर्यंत तो अर्ज परत आलेला नाही. मानसिंगराव सकाळपासून कार्यालयाच्या दाराशी बाकावर बसून आहेत.