बाईंचं पाठांतर

"तो प्रॉम्प्टर उचला आधी. मी बातम्या द्यायला आलेले नाही!"

बाईंचा आवाज चढला तसा सेटवरचा गलका थांबला. कॅमेऱ्याखालच्या त्या छोट्या पडद्यावर संवाद सरकत राहायचे आणि मालिकेतले सगळे, मुरलेले काय नि कालचे काय, त्यावरून वाचत बोलायचे. त्यातली आजी करणाऱ्या बाई तेवढ्या पाठ करून यायच्या. घरी त्यांची धाकटी बहीण पानं वाचून दाखवायची. दोन वाचनांत बाईंचं काम व्हायचं. कानांनी ऐकलेलंच माणसाला राहतं, असं त्या ठणकावून सांगायच्या.

पण हल्ली कुजबुज सुरू झाली होती. बाई विसरायला लागल्या. मागच्या आठवड्यात त्यांनी मालिकेतल्या थोरल्या सुनेला धाकटीच्या नावाने झापलं. त्या दोन पोरींनी त्या दिवशी हौसेने बांगड्यांची अदलाबदल केली होती, पण ते कोण लक्षात घेतं? त्याआधी एकदा खुर्चीला अडखळल्या, तर खुर्ची हलवणाऱ्यालाच फैलावर घेतलं. "माझ्या दिवाणखान्यातलं सामान मला न विचारता हलवायचं नाही!" साठी बुद्धी नाठी, असं मागून कोणीतरी पुटपुटलं. बाईंनी तेही ऐकलं. कान मोठे तिखट होते.

आज निर्माता स्वतः आला होता. त्याच्या वडिलांच्या पहिल्या चित्रपटात बाई नायिका होत्या, तेव्हा हा सेटवर रांगायचा.

"तुझे बूट करकरतात," त्याने तोंड उघडायच्या आत बाई म्हणाल्या. "शूटिंगला असले घालून येतात का?"

तो ओशाळला. "मावशी, जरा बोलायचं होतं. वाहिनीवाले म्हणतात, आजीला काही दिवस परगावी लेकीकडे पाठवू या. तुम्हालाही विश्रांती मिळेल."

मालिकेत परगावी गेलेलं माणूस कधी परत येत नाही, हे बाईंना कोणी सांगायला नको होतं.

"का रे?"

"लोक म्हणतात, तुम्हाला हल्ली... आठवत नाही."

"लोक! बाप म्हणाला होता, रंग फासून नाचायचं असेल तर हा उंबरा बंद. मी फासला रंग. तिशी उलटल्यावर तुझे वडील म्हणाले, आता आईच्या भूमिका करा. अशी आई उभी केली, की नायिकेला कोणी विचारेना. आणि आता तू आलास मला गाठोडं बांधायला लावायला." बाईंनी पदर खोचला. "आज पत्राचा प्रसंग आहे ना? चार पानी पत्र. एका दमात वाचते. एक शब्द चुकला, तर उद्यापासून मीच येणार नाही. नाही चुकला, तर आजी या घरातून हलणार नाही. आहे कबूल?"

"मावशी, उगाच कशाला..."

"हो की नाही?"

"कबूल."

करकरणारे बूट दूर गेले. दिग्दर्शकाशी काहीतरी खुसफुस झाली, मग सामानाच्या कपाटाचं दार वाजलं. बाईंनी तिकडे मान वळवली नाही.

"चल गं," त्या बहिणीला म्हणाल्या आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. गुडघे कुरकुरतात, म्हणून हा आधार, असं सगळ्यांना ठाऊक होतं. गालिच्याच्या कडेला बाईंनी खांदा सोडला. तिथून सोफ्यापर्यंत सात पावलं त्या ताठ मानेने एकट्या चालल्या. दिव्याची ऊब डाव्या गालावर आली, तशा थांबल्या आणि बसल्या. ऊब लागली की जागा बरोबर, हे एका जुन्या कॅमेरामनने त्यांना शिकवलं होतं. नव्या पोरांना अजून जमिनीवर खुणेची पट्टी लागते.

सामानवाल्याने पाकीट त्यांच्या हातात दिलं.

"ॲक्शन!"

बाईंनी पत्र उलगडलं. मुलाने लिहिलं होतं, घर विकायचं ठरलंय, तुझी सोय एका खोलीत केली आहे. पहिल्या पानाला त्या हसल्या. दुसऱ्याला आवाज खाली आला. तिसऱ्या पानावरची एक ओळ त्यांनी दोनदा वाचली, जणू विश्वासच बसला नाही. चौथं पान संपलं तेव्हा डोळे भरून आले होते. त्यांनी कागद नीट घडी करून पाकिटात ठेवले आणि सोफ्याच्या हातावर मूठ आपटली.

"हे घर माझं आहे. मी इथून उठणार नाही!"

टाळ्या सुरू झाल्या, वरच्या दिवेवाल्यांच्यासुद्धा. करकरणारे बूट जवळजवळ धावत आले.

"मावशी, हरलो! माफ करा. मला वाटलं, पत्रावर संवाद लिहून घेता आणि तेच वाचता. म्हणून मीच पाकिटात कोरे कागद ठेवायला लावले. आणि तुमची पापणीसुद्धा हलली नाही हो!"

बाईंनी पाकीट घट्ट धरलं. मग खळखळून हसल्या.

"पापणी हलायला मी काय काल आले रे? आजी राहणार ना?"

"मालिका संपेपर्यंत. शब्द दिला."

"सगळ्यांसमोर दिलास, विसरू नकोस. माझं पाठांतर चांगलं आहे."

बहिणीच्या खांद्यावर हात ठेवून त्या मेकअपच्या खोलीत आल्या. बहिणीने कडी लावली. बाई आरशाकडे पाठ करून बसल्या. त्यांनी पाकिटातून चारही कागद काढले, एकेकावरून अंगठा फिरवला आणि ते बहिणीपुढे धरले.

"खरंच कोरे आहेत का गं?"